चांगलीच उतरली

यंदापर्यंत मी कुणालाही दहापैकी दहा दिलेले नव्हते. हे मी फुशारकीने सांगत नाही. काही माणसांना उंचीची भीती असते, काहींना पालीची, तशी मला पूर्ण गुणांची आहे. मी फरश्यांच्या कारखान्यात दर्जा विभागात काम करतो. समोरून सरकत जाणारी फरशी उचलायची, बोटाच्या पेराने ठोकायची, आवाज ऐकायचा, उजेडात तिरकी धरायची आणि तिच्या पाठीवर गुण लिहायचे. मी नोकरीला लागलो तेव्हा आमच्या मुख्य तपासनिसांनी पहिल्याच दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "लक्षात ठेव, निर्दोष फरशी म्हणजे नीट न पाहिलेली फरशी." ते वाक्य माझ्या इतकं हाडीमाशी खिळलं की पुढे मी फरशी सोडून बाकी सगळ्यालाही ठोकूनच पाहू लागलो. न्हाव्याने केस कापले की साडेसहा. दाताच्या डॉक्टरने दात भरला की सात. अर्धा गुण कुठे कापला हे विचारलं तर तेही सांगतो, पण माझा अनुभव असा, की लोक विचारत नाहीत. ते नुसते बोलायचे बंद होतात.

बायकोलाही मी तोवर एकदाच गुण दिले होते, तेही लग्नाआधी आणि तेही तिनेच खोदून खोदून विचारलं म्हणून. साडेआठ दिले होते. आमच्या विभागात साडेआठ म्हणजे फरशी थेट दर्शनी काचेत जाते. पण हे तिला कोण सांगणार! वरचा दीड कुठे गेला, हा प्रश्न ती मधूनमधून विचारायची, आणि तिचा सूर पाहता उत्तराची तिला घाई आहे असं वाटायचं नाही.

तर आमच्या गल्लीच्या टोकाला, दाताच्या डॉक्टरच्या दवाखान्याच्या बरोबर खाली, एका रिकाम्या गोदामात एका गृहस्थाने बिअर बनवायला सुरुवात केली. हा माणूस आधी तलावावर मुलांना पोहायला शिकवायचा, म्हणून मास्तर. आता पिंपं आली, म्हणून पिंपमास्तर. पाण्याशी त्याचा संबंध पूर्वीपासूनच होता, फक्त आता पाण्यात माणसाऐवजी धान्य बुडवत होता. वर्षभर तो साधी बिअर विकायचा, पण थंडी सरताना एकदाच, मोजक्या पिंपांची, एक खास पिल्सनर काढायचा. पिल्सनर म्हणजे फिकट सोनेरी, स्वच्छ, हलकी बिअर. त्यात हा गडी हॉप्स नावाची कडू सुवासिक फुलं सढळ हाताने टाकायचा.

पहिल्या वर्षी मी ती प्यायलो त्या संध्याकाळबद्दल मला आजही शांतपणे बोलता येत नाही. वर पांढराशुभ्र फेस, असा घट्ट की त्यावर चिल्लर ठेवावी. नाक जवळ नेलं तर नुकत्याच कापलेल्या गवताचा, संत्र्याच्या सालीचा वास. पहिल्या घोटाला काहीच नाही, नुसतं गार पाणी. आणि मग, गिळून झाल्यावर, जिभेच्या मागच्या टोकाशी तो कडवटपणा हळूच उभा राहिला, लख्ख, आणि बराच वेळ गेलाच नाही. मी ग्लास ठोकून पाहिला. सवय, दुसरं काय. मास्तर गल्ल्यामागून टक लावून पाहत होता.

"कशी आहे?" त्याने विचारलं.

मी ग्लासाखालचा पुठ्ठ्याचा गोल तुकडा उलटा केला, खिशातली फरशीची पेन्सिल काढली आणि लिहिलं: सात. गवत उत्तम. शेवट थोडा अडखळतो.

दुसरा कुणी असता तर बोलायचा बंद झाला असता. मास्तरने तो पुठ्ठा खिळा ठोकून भिंतीवर लावला. "पोहणाऱ्या पोराला नुसतं छान छान म्हटलं की ते बुडतं," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी शेवट अडखळणार नाही. या तुम्ही."

त्या क्षणी, सांगायला हरकत नाही, माझा ऊर भरून आला. इतकी वर्षं मी गुण देत होतो, पण ते भिंतीवर लावणारा मला पहिल्यांदा भेटला होता.

दुसऱ्या वर्षापासून मी तयारीनिशी जाऊ लागलो. चाखण्याआधी तीन दिवस कांदा बंद, चहा बंद. बायकोने शांतपणे विचारलं, "परीक्षा त्या बिअरची आहे की तुमची?" ती औषधाच्या दुकानात काम करते, त्यामुळे कडू या विषयावर घरात तिचाच शब्द शेवटचा. दरवर्षी ती माझ्याबरोबर यायची, माझ्या ग्लासातून एकच घोट घ्यायची आणि एकच शब्द बोलायची. पहिल्या वर्षी म्हणाली, "खोकला." दुसऱ्या वर्षी म्हणाली, "जंत." मी त्या वर्षी साडेसात दिले.

तिसऱ्या वर्षी मला वाटलं, तापमानाचा अंदाज चालायचा नाही, शास्त्र पाहिजे. म्हणून मी घरातला तापाचा थर्मामीटर खिशात घालून गेलो आणि ग्लासात उभा केला. पारा पस्तीसच्या खाली उतरेना. मी झटकला, पुन्हा बुडवला, पुन्हा झटकला. सगळं दुकान बघत होतं. शेवटी बायकोने माझ्या हातातून थर्मामीटर घेतला, पुसला, पर्समध्ये टाकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बिअरला ताप नाहीये. प्या." त्या वर्षीही मी साडेसातच दिले. अर्धा गुण बिअरचा नव्हता, माझ्या मानहानीचा होता, हे आता लक्षात येतं.

याच वर्षी आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी यात उडी घेतली. काका निवृत्त आहेत आणि त्यांना सगळ्यातलं सगळं कळतं. पाटीवरचं नाव चष्म्याशिवाय वाचून ते थेट गल्ल्याशी गेले. "ही पेन्शनर बिअर आमच्यासाठीच ना? मग सवलत किती?"

"काका, पिल्सनर," मी म्हणालो.

"तेच रे, मी काय वेगळं म्हणालो? निवृत्तांसाठी बनवता आणि उभं राहून प्यायला लावता, खुर्च्या नकोत?" मास्तरने दुसऱ्या दिवशी खरंच एक खुर्ची आणली. तेव्हापासून ती काकांची.

चौथ्या वर्षी मला सर्दी झाली. चाखायच्या आदल्या आठवड्यात नाक असं बंद, की फिनेल आणि अत्तर यांतला फरक कळेना. गल्ली मदतीला धावली. न्हावी म्हणाला वाफ घ्या, डॉक्टर म्हणाला मिठाच्या गुळण्या, काका म्हणाले डोक्यावर उभा राहा, सगळं खाली येईल. मी तिन्ही केलं. तिसऱ्यात कपाट पडलं. पण मास्तरने माझ्यासाठी एक पिंप राखून ठेवलं आणि माझं नाक उघडेपर्यंत दोन आठवडे थांबला. "तुमच्या गुणांशिवाय मी पुढचं वर्ष कसं ठरवू?" म्हणाला. मी आठ दिले. बायको म्हणाली, "बरी." भिंतीवर चौथा पुठ्ठा लागला.

आणि मग हे वर्ष आलं.

मास्तरने मला आठवडाभर आधी बोलावलं. चेहरा गंभीर होता. "साहेब, लोक साधी बिअर पितात. ही पिल्सनर बनवायला सगळ्यात जास्त वेळ, आणि खपते सगळ्यात कमी. हॉप्सचा वास काही आठवडेच टिकतो, नंतर ती नुसती कडू होते, मग ओतून द्यावी लागते. गेल्या वर्षी मी निम्मी मोरीत ओतली. यंदा तसं झालं तर पुढच्या वर्षी बनवणार नाही."

थंडी सरताना ती पिल्सनर नाही, या कल्पनेनेच मला कसंतरी झालं. मी ताबडतोब ग्लास मागितला, चाखला, आणि उभ्या उभ्या ओरडलो. खरंच ओरडलो. गवत होतं, साल होती, आणि तो कडवटपणा यंदा अडखळत नव्हता, सरळ रेषेत निघून जात होता.

"मग एक वाक्य द्या," मास्तर म्हणाला. "बाहेर मोठी पाटी लावतो. गल्लीला माहीत आहे, हा माणूस कुणाला खोटं चांगलं म्हणत नाही."

दर्जा विभागात मी तपासलेल्या लाखो फरश्यांच्या पाठींवर लिहिलं, पण समोरच्या बाजूला मला कुणी कधी लिहू दिलं नव्हतं. मी रात्रभर नाही, पण जेवताना सबंध वेळ विचार केला. चित्र चांगलं उतरतं, अक्षर चांगलं उतरतं. साधं, घरगुती, सच्चं वाक्य. रंगाऱ्याने ते पालिकेची रीतसर परवानगी काढून दारावर ठळक निळ्या अक्षरांत रंगवलं:

यंदाची पिल्सनर चांगलीच उतरली आहे.

पहिल्या दिवशी दुकानात कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी न्हावी आला, तोही मास्तरचं सांत्वन करायला. "होतं असं कधीकधी," म्हणाला. "पण तुम्ही पाटीवर कबूल केलंत, त्याला मोठं मन लागतं."

मी बाहेर जाऊन पाटी वाचली. पुन्हा वाचली. उतरली. दर्जा उतरतो. भाव उतरतो. आणि चांगलीच उतरली म्हणजे तर पार रसातळाला! काका आपल्या खुर्चीत बसून सगळं बघत होते.

"अरे, ज्या गोष्टीने चढायला पाहिजे ती उतरली म्हणून पाटी लावल्यावर कोण येईल?" ते म्हणाले. "उतरलेलीच हवी असेल तर लोक घरी पाणी पितील."

मास्तरचा चेहरा उतरला. आता तो शब्दसुद्धा मला चावायला धावत होता.

तिसऱ्या दिवशी रजा टाकून मी मास्तरबरोबर पालिकेच्या फलक विभागात गेलो. तिथल्या बाईंसमोर टेबलभर शिक्के मांडलेले होते, रांगेत, उंचीप्रमाणे. मी मनातल्या मनात त्या मांडणीला नऊ दिले, म्हणजे माझी परिस्थिती लक्षात येईल.

"एक शब्द बदलायचाय," मी म्हणालो.

"नवी पाटी दोन दिवसांत मंजूर होते, पण वर्षातून एकदाच. मजकुरात बदल म्हणजे नवा अर्ज," बाई म्हणाल्या. "पाहणी होईल, मग समितीपुढे जाईल. दोन महिने धरा."

"दोन महिन्यांत ती मोरीत जाईल हो!"

"पण बदलायचं कशाला?" त्यांनी आमची पाटी आठवून खरोखर आश्चर्याने विचारलं. "मंजूर करताना मी सगळ्यांना दाखवली ती. म्हटलं, बघा, असा प्रामाणिक दुकानदार असतो. स्वतःच लिहितो, की यंदा दर्जा उतरलाय."

मास्तर खुर्चीत खचला. मी बाईंना चित्र, अक्षर, सगळं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एक नियमपुस्तिका उघडली, बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "शब्द बदलता येणार नाही. पण चित्र, बाण आणि अंक यांना आम्ही मजकूर धरत नाही. ते तुम्ही आजच वाढवा."

आम्ही जवळजवळ पळतच परत आलो. वाटेत काकांनी गाठलं आणि त्यांना एकदम सुचलं. "बाण! शब्द म्हणतो उतरली, तुम्ही बाण वर काढा. हिशेब फिटला!" घाईच्या वेळी काकांचा सल्ला बरोबर वाटतो, हा त्यांच्या सल्ल्याचा मुख्य दोष आहे. रंगाऱ्याने वाक्याशेजारी लाल, जाडजूड, वर जाणारा बाण काढला.

संध्याकाळी लोक आले. भरपूर आले. बाण पाहिला आणि बाजूच्या जिन्याने सरळ वर दाताच्या दवाखान्यात गेले. डॉक्टरने खाली येऊन विचारलं, की माझ्या बाकावर पंधरा माणसं बसली आहेत आणि तोंड उघडायला सांगितलं तर ग्लास मागताहेत, हे काय आहे. एकाने तर आलोच आहे तर म्हणून दाढ दाखवली, आणि डॉक्टरने ती काढली. तो बिचारा गाल धरून खाली आला, पाटीकडे पाहिलं आणि मान डोलावून निघून गेला. बाण पुसला.

उरले अंक.

दुकानात आम्ही चौघं होतो: मास्तर, काका, बायको आणि मी. सगळे माझ्याकडे बघत होते. भिंतीवर चार पुठ्ठे ओळीने. सात, साडेसात, साडेसात, आठ.

"साडेआठ," मी म्हणालो. "साडेआठ लिहा. साडेआठ म्हणजे दर्शनी काच."

"उतरली, आणि खाली साडेआठ?" काका म्हणाले. "लोक म्हणतील, आधी दहा असणार, घसरून साडेआठवर आली." हे दुर्दैवाने बरोबर होतं. काका वर्षातून एकदा बरोबर असतात आणि तो दिवस ते नेमका निवडून काढतात.

"नऊ?"

"एकाने घसरली."

म्हणजे दहाच. दहाच्या खाली कुठलाही आकडा त्या शब्दाला साथ देणार होता. मी घाम पुसला.

"मला खोटे दहा नकोत," मास्तर एकदम म्हणाला. तो सबंध दिवसात पहिल्यांदा नीट बोलत होता. "चार वर्षं तुम्ही मला खरे गुण दिलेत. त्यावर मी हे शिकलो. आता दुकानासाठी खोटे दहा लावले, तर ते चार पुठ्ठेही खोटे होतील. बनवायचं बंद करीन, पण ते लावणार नाही."

खरं सांगतो, मला रडू येईल असं वाटलं. फरश्या माझ्याशी कधी असं बोलल्या नाहीत.

"मग पुन्हा ओता," मी म्हणालो. "मी नीट तपासतो."

मास्तरने ग्लास भरला. मी दिव्याखाली गेलो, उजेडात तिरका धरला. गढूळपणा शोधला, नव्हता. पेराने ठोकला. फेस बसतो का पाहिला. बसला, पण ग्लासाला चिकटून गोल गोल कडी ठेवत, जशी उत्तम बिअरची बसावी तशी. वास घेतला. घोट घेतला. तो अर्धा गुण कुठेतरी असणारच होता, नेहमी असतो, कोपऱ्यात, कडेला. शेवट अडखळतो का? नाही. मधे पोकळ लागते का? नाही. फार कडू आहे का? आणखी एक घोट. कडू होती, पण ज्या कारणाने हसू येतं त्या कारणाने कडू. मी शोधत राहिलो. परीक्षकासारखा नव्हे, परीक्षेला बसलेल्या मुलासारखा. आणखी एक घोट. आणखी एक.

"सापडला!" मी ओरडलो.

मास्तरने डोळे मिटले. "काय?"

"संपली!"

"तो ग्लासाचा दोष," बायको म्हणाली. मग तिने मास्तरकडून स्वतःसाठी अर्धा ग्लास मागून घेतला. पाच वर्षांत पहिल्यांदा. एक घोट घेतला, आम्ही सगळे तिच्या एका शब्दाची वाट पाहत राहिलो, आणि तिने काहीही न बोलता दुसरा घोट घेतला.

रंगारी घरी गेला होता. मी त्याची शिडी उचलली, निळ्या रंगाचा डबा घेतला आणि चढलो. मला उंचीचीही भीती आहे हे मला तिसऱ्या पायरीवर कळलं. एव्हाना खाली गल्ली जमली होती. पण ब्रश बुडवला आणि त्या वाक्याच्या खाली, आयुष्यात पहिल्यांदा, लिहिलं: १०/१०. शेवटचं शून्य जरा वाकडं आलं. त्याचा अर्धा गुण कापायची इच्छा मी गिळली.

"आता उतर!" काका ओरडले.

मी वळलो, पाय सटकला, आणि डब्यासकट निम्म्या पायऱ्या एकदम संपवून खाली आलो. लागलं नाही, पण शर्ट निळा झाला. काका खुर्चीतून उठून उभे राहिले. "चांगलाच उतरलास!" म्हणाले, आणि सगळी गल्ली हसली, मास्तर सगळ्यांत मोठ्याने. आणि तिथेच मला लोकांच्या चेहऱ्यांवर दिसलं, की त्यांनी आता पाटी पुन्हा, वेगळ्या अर्थाने वाचली आहे. न्हावी पहिला आत गेला. "या माणसाने दहा दिले?" तो मागच्याला सांगत होता. "मला साडेसहा देतो हो!"

आठवडाभरात पिंपं संपली. शेवटच्या दिवशी फलक विभागाच्या बाई पाहणीला आल्या. दहा आणि दहा हे अंक आहेत, पण मधली तिरकी रेघ मजकुरात धरायची का, असा त्यांना प्रश्न पडला होता. मास्तरने त्यांना उरलेला शेवटचा ग्लास दिला. त्यांनी तो सावकाश संपवला. मग ग्लास खाली ठेवून म्हणाल्या, "रेघेचं पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी आहे ना?"

"आहे," मास्तर म्हणाला, आणि दहा लिहिलेला पाचवा पुठ्ठा भिंतीवर ठोकला.

परतताना मी आणि बायको गल्लीतून पायी येत होतो. मी हवेत होतो. ओळखीच्या प्रत्येकाला पाटीबद्दल सांगत होतो, न विचारताही. घराच्या जिन्यापाशी ती थांबली.

"बिअरला दहा," ती म्हणाली. "आणि माझे किती?"

तिचे डोळे हसत होते, पण पुरते नाही. मी तिच्याकडे पाहिलं. ठोकलं नाही, उजेडात धरलं नाही, नुसतं पाहिलं. तो दीड गुण मी नक्की कुठे कापला होता, मला काही केल्या आठवेना. कदाचित तेव्हा मी घाबरलो होतो, एवढंच.

"दहा," मी म्हणालो.

ती दोन पायऱ्या चढली, मग वळली.

"उत्तर द्यायला फार वेळ लावलात," ती म्हणाली. "अर्धा गुण कापला. तुम्हाला साडेनऊ."

जन्मात कुणी मला एवढे गुण दिले नव्हते.